घरखर्च आणि घरच्यांसाठी भेटवस्तू: सारखे विचारले जाणारे प्रश्न

बावीस वर्षं मी कोल्हापुरात एका पतसंस्थेच्या काउंटरवर बसले. पैसे मोजता मोजता लोक घरचं बोलून जातात, ते तिथं ऐकत गेले. आता निवृत्त आहे, तरी भिशीच्या दिवशी, अंबाबाईच्या देवळातून परतताना, नाहीतर मोबाइलवर तेच प्रश्न येतात. "काकू, तेवढं सांगा की." एकच उत्तर वीसदा टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून इथं एकत्र लिहिलंय. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे शेवटी. योजनांचे नियम आणि व्याजदर बदलत असतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी पोस्टात किंवा बँकेत एकदा खात्री करून घ्या.

१. घरखर्चाची वही चार दिवस लिहितो आणि सोडून देतो. टिकवायची कशी?

सगळंच लिहायला जाता म्हणून सुटते. कोथिंबिरीच्या जुडीपासून चहाच्या कपापर्यंत लिहिणारी घरं दहाव्या दिवशी दमतात. तीनच रकाने ठेवा: खाण्यापिण्याचं, ठरलेलं (वीजबिल, गॅस, शाळा, हप्ता, रिचार्ज) आणि अचानक आलेलं.

आमच्या आईची वही म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर होतं. तारखेच्या चौकोनात "१॥" लिहिलं की दीड लिटर दूध. फुली मारली की त्या दिवशी गवळी आला नाही. "सिलेंडर" लिहिलं की तो किती दिवस पुरला ते पुढच्या पानावर मोजता यायचं. पेन्सिल दोऱ्यानं खिळ्याला बांधलेली. आम्ही पोरांनी ती अभ्यासाला म्हणून सोडवली की धपाटा बसायचा. हिशेब टिकला तो त्या दोऱ्यामुळं. तेव्हा वही कपाटात ठेवू नका, चहा करताना दिसेल अशी ठेवा.

तीन महिन्यांनी तिसरा रकाना वाचा. आहेर, गाडीचं काम, डॉक्टर, पाहुणे... दर महिन्याला काहीतरी असतंच. त्याची सरासरी काढा आणि ती रक्कम ठरलेल्या रकान्यात टाका.

२. आमच्याकडं पगार नाही. दूधबिल दर दहा दिवसांनी, ऊसबिल कारखाना देईल तेव्हा. महिन्याचं बजेट बसतच नाही.

बसणार नाही, कारण तुमचा महिना दहा दिवसांचा आहे. बजेटही दहा दिवसांचंच करा. पशुखाद्याची कपात होऊन हातात येईल तेवढंच दूधबिल धरायचं आणि त्यावर बाजार, किराणा, पोरांचं किरकोळ भागवायचं. गाभण म्हैस आटते तेव्हा दोन-तीन महिने बिल निम्म्यावर येतं, हे धरूनच चालायचं.

ऊसबिलाला घरखर्चात हात लावायचा नाही. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यावी असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पहिली उचल (बिलाचा पहिला हप्ता) किती आणि केव्हा, यावरून आपल्याकडं किती वेळा रस्ता अडवला गेला ते वेगळं सांगायला नको. म्हणून "अमुक तारखेला बिल येणार" असं धरून फ्रीज, गाडी, दागिना काही ठरवू नका. शिवाय विकास सोसायटीचं पीककर्ज आधी कापून जातं. उरेल त्यातून पहिला वाटा खोडव्याचा आणि खताचा, दुसरा जूनमधल्या शाळेचा (प्रश्न ४), आणि मग बाकीचं.

दिवाळीच्या तोंडावर दूध संघाचा दरफरक येतो, तो मात्र भेटींसाठी ठेवावा असं माझं मत. फक्त एक करा. शेण काढणारे आणि धार काढणारे हात घरात ज्या बाईचे आहेत, तिला विचारून तो खर्च करा.

३. किराणा लक्ष्मीपुरीतून (घाऊक बाजारातून) एकदम भरावा की गल्लीतल्या दुकानातून लागेल तसा?

धान्य, डाळी, गूळ, शेंगदाणे, सुकी मिरची लक्ष्मीपुरीतून. साबण, चहा, बिस्किटं गल्लीत. एकदम भरण्यात किलोमागं फरक पडतो, पण डबा भरलेला दिसला की हातही सैल सुटतो. तेल आणि साखरेच्या बाबतीत हे मी स्वतःच्या घरात पाहिलंय. गल्लीतला दुकानदार उधारी लिहून घेतो, रात्री साडेनऊला शटर अर्धं वर करून दूध पावडर देतो, त्याचीही किंमत आहे. दोन रुपयांसाठी त्याला पूर्ण सोडू नका.

वर्षाच्या चटणीचा खर्च वेगळा धरा. मार्च ते मे मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, गरम मसाला आणि डंकावर कांडप असं मिळून एकदम मोठी रक्कम जाते, आणि "या महिन्यात पैसे गेले कुठं" म्हणून घरात वाद होतो. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी, प्रमाण ज्याच्या त्याच्या घरचं. त्या रकमेला बारानं भागा, तेवढे दर महिन्याला बाजूला टाका.

गूळ घेताना पिवळाधमक बघून भाळू नका. रंग उजळायला हायड्रोस नावाचं रसायन वापरतात. तांबूस, किंचित काळपट गूळ दिसायला साधा असतो, पण मी तोच आणते.

४. जूनमध्ये दरवर्षी कंबरडं मोडतं. काय करावं?

फी, वह्या, गणवेश, रेनकोट, छत्री, बूट, आणि त्यातच घराच्या कौलांचं किंवा पत्र्याचं काम. तारीख आधीपासून माहीत असलेला खर्च आहे हा. जुलैपासून मे अशी अकरा महिन्यांची आवर्ती ठेव घाला. गणवेश मापापेक्षा एका बोटानं मोठा आणि आत दुमड घातलेला शिवून घ्या. रेनकोट मात्र दप्तरावरून बसेल एवढा हवा. दप्तराचा विचार न करता घेतलेला रेनकोट पहिल्याच पावसात पाठीवर फाटतो.

५. दिवाळीच्या खरेदीसाठी भिशी लावू का?

लावा, पण आधी गणित बघा. बारा जणी, प्रत्येकी २,००० रुपये, म्हणजे दर महिन्याला एकीला २४,०००. जिचा पहिला नंबर, तिला बिनव्याजी कर्ज मिळालं. जिचा बारावा, तिनं ते दिलं. दिवाळीसाठी लावायची तर नंबर दसऱ्याच्या आधी यायला हवा, नाहीतर शेवटच्या नंबरपेक्षा आवर्ती ठेव बरी.

लिलावाची भिशी वेगळी. तिथं गरजवंत बाई २४,००० चे २०,००० घेऊन जाते आणि तिचे ४,००० बाकीच्या वाटून घेतात. मला अशा भिशीत कुणी घालू नका.

चिटफंडाला १९८२ चा कायदा आणि नोंदणी आहे. गल्लीतली भिशी शब्दावर चालते. म्हणून जिच्या घरी जाऊन चहा प्यालाय, तिच्याबरोबरच लावा.

६. पतसंस्था बँकेपेक्षा जास्त व्याज देते. पोरीच्या लग्नाची रक्कम तिथं ठेवू?

जिच्या काउंटरवर आयुष्य गेलं, तिच्याबद्दल लिहिते म्हणून नीट वाचा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेव विमा आहे. एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत. २०२० च्या आधी तो १ लाखच होता. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा लागू नाही. बऱ्याच पतसंस्था चांगल्या चालतात, पिग्मीवर (रोज थोडी थोडी भरायची ठेव) कितीतरी हातगाडीवाल्यांनी घरं बांधलेली मी पाहिली. पण ज्या रकमेवाचून लग्न अडेल ती सगळी एका ठिकाणी ठेवू नका, आणि दीड टक्का व्याजासाठी तर मुळीच नको.

७. आई-वडिलांना काय हवं विचारलं की "मला काही नको" म्हणतात. मग द्यायचं काय?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. त्यांना विचारू नका. दोन दिवस घरी राहा आणि बघा, ते कशावर भागवून नेतायत.

आमच्या वडिलांच्या चष्म्याची एक काडी तुटली होती. त्यांनी तिथं दोरा गुंडाळून कानामागं अडकवला होता, आणि पेपर वाचताना मान तिरकी करायचे. आम्ही तिघा भावंडांनी मिळून त्या दोन वर्षांत त्यांना पाच शर्ट घेतले. पाचही टाचण्यांसकट पेटीत. शेवटी धाकटा भाऊ त्यांना "बँकेत जाऊन येऊ" म्हणून घेऊन गेला आणि वाटेत चष्म्याच्या दुकानात बसवलं. नवा चष्मा त्यांनी तिथंच घातला, डबीसुद्धा मागितली नाही, आणि रस्त्यानं येताना दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत आले.

तेव्हा बघायचं ते हे: कुकरचं झाकण फडक्यानं दाबून धरावं लागतंय का. मिक्सरच्या भांड्याखाली ताटली ठेवलीय का. चपलेच्या अंगठ्याला सेफ्टी पिन आहे का. रात्री बाथरूमला जाताना भिंत चाचपतात का. टीव्हीचा आवाज गेल्या वर्षीपेक्षा वाढलाय का (मग भेट म्हणजे कानाची तपासणी). मोबाइलवर बोलताना तो कानापासून लांब धरून ओरडतात का.

आणि जुनं बदलून दिलं की जुनं समोरून हलवा. ते माळ्यावर टाकतील, टाकू दे. स्वयंपाकघरात राहिलं तर वापर जुन्याचाच होतो.

८. पाचशे रुपयांत आई-वडिलांना आवडेल असं काय?

एसटीनं नरसोबाच्या वाडीला घेऊन जा. ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत, ६५ ते ७५ ना अर्धं तिकीट, आणि २०२३ च्या मार्चपासून सगळ्याच बायकांना अर्धं. आधार कार्ड बरोबर ठेवा. संगमावर बसा, येताना बासुंदी आणि कवठाची बर्फी आणा, तरी पाचशेतले पैसे उरतील. अट एकच, तुम्हीही बसनंच जायचं आणि त्यांच्या शेजारी बसायचं.

वस्तूच द्यायची असेल तर बाथरूमसाठी न घसरणारी रबरी चटई, रात्रीचा छोटा दिवा, मोठ्या आकड्यांचं भिंतीवरचं घड्याळ.

९. वडिलांना अस्सल कोल्हापुरी चप्पल द्यायचीय. ओळखायची कशी?

आधी वडिलांचे पाय बघा. साखरेचा त्रास असेल तर कोल्हापुरी देऊ नका. नवं कडक चामडं अंगठ्याला आणि वरच्या पट्ट्याला घासतं, पायाला संवेदना कमी असल्या तर जखम कळत नाही आणि पुढं ती भरत नाही. त्यांना डॉक्टरांना विचारून मऊ तळाची एमसीआर चप्पल घ्या. भेट म्हणून ती साधी दिसते, पण पाय वाचतो.

बाकीच्यांसाठी पापाची तिकटी आणि शिवाजी चौकाच्या बाजूची चप्पल लाइन आहेच. संध्याकाळी जा, कारण दिवसभर चालून पाय किंचित फुगलेला असतो आणि माप खरं मिळतं. वडील येत नसतील तर वहीच्या कागदावर दोन्ही पायांची रेघ मारून न्या. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. चप्पल हातात घेऊन उलटी करा. अस्सल चपलेचा तळ चामड्याच्याच वादीनं शिवलेला असतो, खिळा नसतो. वास घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याला एक तुरट वास येतो, रेक्झिनला रबराचा. रंग सगळीकडं एकसारखा चकाकत असेल तर तो वरून लावलेला.

पहिला आठवडा चावतेच. आतून तेलाचा हात फिरवून रोज तासभर घरात घालायला सांगा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पेपरात गुंडाळून फळीवर ठेवायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली तर बुरशी धरते. भिजलीच तर सावलीत वाळवा.

या चपलेचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, म्हणून निपाणीकडची चप्पल बघून "ही डुप्लिकेट" म्हणू नका. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या ब्रँडनं मिलानमध्ये अशाच चपला दाखवल्या तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यात मोठ्यानं चिडलेल्या गड्याच्या पायात रबरी स्लीपर होती.

१०. आईला थोडक्यात सोन्याचं काही द्यायचंय. गुजरीत (सराफ बाजारात) जाताना काय बघू?

हॉलमार्कची तीन चिन्हं: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. हा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याची नोंद दिसते. दुकानातच टाकून बघा, लाजू नका. २०२३ च्या एप्रिलपासून तो सक्तीचा आहे.

अपवाद इथं येतो. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि थोडक्यात घेणाऱ्यांची खरेदी नेमकी तेवढीच असते. छोटी फुलं, एखादा मणी घेताना बिलावर वजन, कॅरेट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. "एक ग्रॅम सोनं" म्हणून पाटी लावून विकतात तो सोन्याचा मुलामा. हौसेला छान, मोडीला काही नाही.

आईला कोल्हापुरी साज (गळ्यातला दागिना) हवा असेल तर २१ पानांचा पूर्ण साज एकदम होणार नाही हे तिलाही कळतं. चांदीत सोन्याचं पाणी दिलेला साज नेसल्या साडीवर तेवढाच उठून दिसतो. निव्वळ चांदीचं घ्यायचं असेल तर पैंजणांसाठी हुपरीचं काम बघा, आणि टंच (चांदीचा कस) विचारा.

११. पोराच्या वाढदिवसाचा खर्च हाताबाहेर चाललाय. हॉल, केक, रिटर्न गिफ्ट...

पोराला आठवणीत राहतं ते मित्रांबरोबरचं भांडण आणि पाणी उडवणं. हॉल तुम्हाला आठवतो, कारण बिल तुम्ही भरलेलं असतं. जितकी वर्षं तितके मित्र, असा आमच्या सुनेचा नियम आहे. सातव्या वाढदिवसाला सात.

नातवाचा वाढदिवस आषाढात येतो. बेंदराच्या (बैलांच्या सणाच्या) आधी कुंभार गल्लीतून मातीचे बैल आणले, अंगणात पेपर पसरला, रंग आणि ब्रश दिले. प्रत्येकानं आपला बैल रंगवला आणि घरी नेला, रिटर्न गिफ्ट तेच. एकानं बैल पूर्ण हिरवा केला आणि शिंगांवर आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमचे रंग मारले. भेळ घरी केली. नवीन फरशीवर निळा डाग पडला, तो अजून आहे.

केक छोटा घ्या. निम्मा तोंडाला फासला जातो.

१२. पोरांना खाऊचे पैसे द्यावेत का?

आठ-नऊ वर्षांपासून द्यावेत, ठरलेल्या वारी आणि ठरलेली रक्कम. पहिले दोन आठवडे ते सगळे एकाच दिवशी उडवतात. उडवू दे, पण मधल्या दिवसांत भरपाई करू नका. आजोबा गुपचूप देतात ते दहा रुपये या हिशेबात धरायचे नाहीत, त्यावर बोलायचंही नाही.

दहा वर्षं पूर्ण झाली की मूल बँक खातं स्वतःच्या सहीनं चालवू शकतं. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये त्याचे नियम पुन्हा स्पष्ट केले, मर्यादा बँक ठरवते. स्लिप स्वतः भरायला लावा. आमच्या काउंटरवर टाचा उंच करून उभी राहिलेली पोरं मला त्यांच्या आई-बापांपेक्षा जास्त लक्षात आहेत.

१३. पोरगा फुटबॉलचे महागडे बूट मागतोय. वाढतं वय, सहा महिन्यांत लहान होणार. घेऊ का?

कोल्हापुरात राहून फुटबॉलला नाही म्हणणं अवघड. बूट घ्या, पण आपली मैदानं उन्हाळ्यात दगडासारखी कडक होतात हे लक्षात ठेवा. टीव्हीवर दिसतात ते लांब स्टडचे बूट मऊ गवतासाठी असतात. इथं आखूड आणि जास्त स्टडचे घ्या, नाहीतर घोटा मुरगळतो. पुढं अंगठ्याएवढी जागा पुरे. दोन साइज मोठे घेऊन आत कापूस कोंबू नका. सरावाला तालमीतल्या मोठ्या पोरांचे लहान झालेले बूट मिळतात, विचारायला लाज नको.

१४. नातीच्या नावानं सुकन्या खातं उघडायचंय. मी आजोबा, मला उघडता येईल?

पैसे तुम्ही भरा, खातं तिच्या आई-वडिलांपैकी एकानं उघडायचं. ते नसतील आणि तुम्ही कायदेशीर पालक असाल तरच तुमच्या नावानं. बरेच आजोबा इथंच चुकतात.

मुलगी दहा वर्षांच्या आतली हवी. वर्षाला किमान २५०, जास्तीत जास्त दीड लाख. पैसे १५ वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी पूर्ण होतं. ती १८ ची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतात. एका घरात दोन मुलींपर्यंत, जुळ्या-तिळ्या असतील तर सवलत आहे. योजना जानेवारी २०१५ ची, व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं.

नातवासाठी पीपीएफ. तिथंही मर्यादा दीड लाखाचीच, पण ती पालकाचं स्वतःचं खातं आणि मुलाचं खातं मिळून असते.

१५. आहेर पाकिटात द्यावा की वस्तू? आणि किती?

पाकीट. लग्नघरात सहा भिंतीवरची घड्याळं आणि चार लेमन सेट मी मोजलेत. किती, याला घरातली आहेराची वही काढा. आपल्या कार्यात त्यांनी काय दिलं होतं ते बघा. वीस वर्षांपूर्वी ५१ दिले होते म्हणून आज ५१ देऊ नका. अगदी जवळच्यांना पाकिटाऐवजी लग्नाआधी फोन करून "गॅसची शेगडी मी देते" असं सांगितलेलं चांगलं, म्हणजे दोनदा येत नाही.

१६. सासरच्या आणि माहेरच्या आई-वडिलांना सारखंच द्यायचं का?

सारखी किंमत जमत नाही, कारण गरजा सारख्या नसतात (प्रश्न ७). पण वेळा सारख्या ठेवा. दिवाळीत इकडं दिलं तर तिकडंही. आणि नवरा-बायकोला एकमेकांनी काय दिलं ते माहीत असू दे. चोरून दिलेल्या साडीवरून झालेली भांडणं साडीपेक्षा जास्त टिकतात.

१७. मी पुण्यात नोकरी करतो, गावाकडं वडिलांना पैसे पाठवतो. त्यांना कर लागेल का?

नाही. आई-वडील, मुलं, नवरा-बायको, भावंडं, सासू-सासरे यांनी एकमेकांना दिलेल्या भेटीवर घेणाऱ्याला आयकर नाही, रक्कम कितीही असली तरी. मित्रांकडून वर्षात ५०,००० च्या वर आले तर पूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते. लग्नात नवरा-नवरीला मिळालेल्या भेटी याला अपवाद.

मेख पुढं आहे. वडिलांनी त्या पैशांची ठेव केली तर व्याज त्यांचं उत्पन्न. तेच पैसे बायकोच्या किंवा लहान मुलाच्या नावानं ठेवले तर व्याज सहसा तुमच्याच किंवा दोघांपैकी जास्त कमावणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात. सुकन्याचं व्याज करमुक्त असल्यानं तिथं हा प्रश्न नाही (प्रश्न १४).

वडील साठीच्या पुढचे असतील आणि एकरकमी देणं जमत असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. ३० लाखांपर्यंत, व्याज दर तिमाहीला खात्यावर. मुलाकडं मागावं लागत नाही. आणि दरमहा पाठवत असाल तर ठरलेल्या तारखेला आपोआप जाईल असं करा. "पाठवलेस का रे" असं विचारायची वेळ बापावर आणू नका.

१८. वडील ७२ वर्षांचे, कुठली कंपनी आरोग्य विमा देत नाही. काही मार्ग?

सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, आणि घरात सत्तरीच्या पुढचे दोघं असतील तर दोघांत मिळून. आधार कार्ड लागतं. पैसे जात नाहीत, एक दिवस जातो. तुमचा एक दिवस ही भेट समजा. कार्ड हातात आलं की जवळच्या कुठल्या रुग्णालयात आणि कुठल्या उपचाराला ते चालतं याची यादी आत्ताच काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. रात्री दोन वाजता शोधता येत नाही.

१९. आमच्या घरात २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा पुराचं पाणी शिरलं. आई-वडिलांना फ्रीज घेऊन देऊ की नको?

घ्या, पण एक दाराचा, दोन माणसांना जिन्यानं वर नेता येईल असा. मोठा सोफा, लाकडी पलंग, तळमजल्यावर वॉशिंग मशिन या भेटी पूरपट्ट्यात देऊ नका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. तुमच्या दारात पाणी किती फुटांना येतं तो आकडा गल्लीत सगळ्यांना पाठ असतो, तो भिंतीवर लिहून ठेवा आणि त्याच्या चार फूट आधीच सामान हलवायला घ्या. आई-वडिलांना खरी गरज आहे ती कागदपत्रं, सातबारा, पासबुकं आणि आईचे दागिने मावतील अशा पाणी न शिरणाऱ्या पिशवीची, चार्जिंगच्या टॉर्चची, आणि घराच्या विम्याची. विमा पावसाळा तोंडावर आल्यावर काढू नका, मार्च-एप्रिलमध्ये काढा.

२०. वडील गेल्यावर आईला रंगीत साडी, बांगड्या दिल्या तर लोक काय म्हणतील? तिला आवडेल का?

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे ही, लोकांना ती ऐकवा.

आईचं मन मात्र ठरावानं कळत नाही. सगळ्यांसमोर डबा उघडून "घाल की" म्हणू नका. एकटी असताना, तिच्या कपाटातल्या जुन्या साड्या काढून बसा आणि कुठली आवडायची ते विचारा. एका बाईंनी मला सांगितलं, लेकीनं आणलेली अंजिरी साडी त्या दोन वर्षं नेसल्या नाहीत, पण दर महिन्याला घडी मोडून पुन्हा घालायच्या. तिसऱ्या वर्षी नातवाच्या बारशाला नेसल्या. कुणी काही बोललं नाही. तेव्हा घ्या, ठेवा, आणि "नेसलीस का" असं विचारू नका.

२१. वडिलांच्या हातात पैसे दिले की ते नातवंडांत नाहीतर मित्रांत उडवतात. त्यापेक्षा वस्तूच द्यावी का?

नातवंडांना आणि मित्रांना देत असतील तर देऊ दे. आमचे वडील पेन्शनच्या दिवशी तीन मित्रांना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर घेऊन जायचे आणि चौघं उभ्यानं धारोष्ण दुधाचा पेला रिकामा करायचे. भाऊ चिडला, घरात दूध आहे म्हणाला. वडील म्हणाले, "घरचं तू पाजतोस. हे मी पाजतोय." त्यानंतर भावानं रक्कम वाढवली.

पैसे दारूत किंवा पत्त्यांत जात असतील तर हिशेब निराळा. मग रोख देऊ नका. वीजबिल, गॅस, किराणा, मोबाइल तुम्ही परस्पर भरा, खिशात फक्त चहापुरते ठेवा. औषधंही दुकानदाराला थेट पैसे देऊन घरपोच मागवा, आणि त्याला आधीच सांगून ठेवा की वडील गोळ्यांचं पाकीट परत घेऊन आले तर रोख हातात द्यायची नाही.